'रन' म्हणजे नुसतं पळणं नव्हे : मराठी मीडियमवाल्यांनी या एका शब्दाला कसं धरायचं

बीकॉम झालो आणि सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला लागलो. काम काय, तर बायरच्या मेल वाचायच्या, मालकांना मराठीत सांगायच्या आणि मालक मराठीत तेलुगू मिसळून जे बोलतील ते इंग्रजीत टाईप करून पाठवायचं. महिना झाला असेल नसेल, एक मेल आली, एकच ओळ. "द मरून इज रनिंग." खाली फोटो होता पण तो काही केल्या उघडेना, नेट तसलंच होतं. मी मेल वाचून थेट शेडमध्ये गेलो, मागांचा खडखडाट चालू, मालकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "मालक, मरून पळतंय म्हणे!"

मालक खूश. "पळतंय म्हंजे खपतंय की. चढव अजून दोन बीम." बीम म्हणजे मागावर चढवायचा, ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ.

बीम चढले. संध्याकाळी फोटो उघडला. पांढरा टॉवेल, कडेला आपला मरून पट्टा, आणि पट्ट्याखाली चार बोटं रुंद गुलाबी ओघळ, कुणीतरी पान खाऊन पिंक टाकल्यासारखा. मरून पळत नव्हतं, मरून जात होतं. रंग जात होता! पहिल्या धुण्यातच. मालकांनी शिव्या दिल्या नाहीत, चहा सांगितला आणि म्हणाले, "तू आधी ते रन काय असतंय ते शीक बे." त्या दिवसापासून शिकतोय, म्हणून हे लिहितोय, तुमचे दोन बीम तरी वाचावेत.

आणि स्वतःला कमी समजू नका. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीवाल्यांनी या शब्दाची नोंद नव्याने लिहून काढली तर नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराचे त्यात नऊ महिने गेले. त्याआधी सगळ्यात जास्त अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० होते. म्हणजे ज्यांची भाषा आहे त्यांना नऊ महिने लागतात, आपण एका मेलवरनं कसं ओळखणार. पण ६४५ पाठ करायची गरज नाही, माझ्या अनुभवात सात-आठ सवयी लावल्या की रोजचं काम निघतं.

सुरू करण्याआधी काय काय लागेल

- एक शंभर पानी वही. ॲप नको, वहीच. कारण शेवटी सांगतो.
- फोनवर एखादी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. चांगले कोश फुकटात मिळतात. त्यात प्रत्येक अर्थाखाली वाक्य दिलेलं असतं, आपल्याला त्या वाक्याशी मतलब. नुसता इंग्रजी-मराठी खिशातला कोश असेल तर तो पहिलाच अर्थ 'धावणे' देतो आणि आपण तिथंच थांबतो, माझं तेच झालं.
- तुमच्या स्वतःच्या कामातले खरे कागद. जुन्या मेल, मशिनचं मॅन्युअल, बँकेचे मेसेज, काहीच नसेल तर क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री.
- एक माणूस, ज्याला विचारायला लाज वाटत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड.

भाषांतराचं ॲप वापरा की, पण त्यात एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका, जमलं तर मागचं-पुढचं वाक्यसुद्धा.

१. 'पळणे' बाजूला ठेवा, आधी 'चालणे' लावून बघा

शाळेत शिकवलं रन म्हणजे पळणे, आणि वर क्रिकेटमुळे ते डोक्यात पक्कं बसलं, कारण रन काढायचा म्हणजे पळायचंच असतं. पण कामाच्या इंग्रजीत माणूस पायाने पळतोय असा रन फार कमी येतो. मराठीत त्याचं खरं भावंड पळणे नाही, चालणे आहे. बघा, माग चालतो, पंप डिझेलवर चालतो, दुकान चालतं, पिक्चर दहा आठवडे चालला, करार मार्चपर्यंत चालणार, रात्रीची शिफ्ट चालू आहे. या सगळ्याला इंग्रजीत रन चालतो. तर कुठंही रन दिसला की पहिल्यांदा 'चालणे' टाकून वाक्य वाचायचं, निम्मी वाक्यं तिथंच सुटतात.

आता चालणे आणि चालवणे. मराठीत आपल्याला दोन रूपं आहेत, इंग्रजीला एकच. "द मशीन रन्स" म्हणजे मशीन चालतं, "ही रन्स द मशीन" म्हणजे तो मशीन चालवतो. खूण साधी आहे, रनच्या लगेच मागं, म्हणजे वाक्यात रननंतर, एखादी वस्तू किंवा धंदा आला तर 'चालवणे'. "माय ब्रदर रन्स" म्हटलं तर भाऊ सकाळी पार्क मैदानाकडं पळायला जातो, "माय ब्रदर रन्स अ मेस" म्हटलं तर भाऊ मेस चालवतो. तसं "रन अ फीव्हर" म्हणजे ताप असणे आणि "रन अ रिस्क" म्हणजे धोका पत्करणे, हे दोन सरळ पाठच करून टाका, तिथं चालवणे लावून उपयोग नाही.

सापळा : हे उलटं चालत नाही! आपण दिवसभर "चालेल", "चालतंय की" म्हणत असतो, त्याचा इंग्रजीत रन होत नाही. बायरने विचारलं सोमवारी माल काढू का, तर मी एकदा लिहून बसलो होतो "येस, इट विल रन". समोरच्याने उलटी मेल केली, व्हॉट विल रन? तिथं "दॅट्स फाइन" किंवा "दॅट वर्क्स" लिहायचं.

२. 'रन' कोण होतंय ते बघा

हे माझ्या मरूनने शिकवलं. वाक्यातला कर्ता कोण आहे त्यावर मराठी क्रियापद ठरतं, रनवर नाही.

कर्ता पातळ असेल, ओला असेल, ओघळणारा असेल तर रन म्हणजे वाहणे, गळणे, ओघळणे, पसरणे. नाक वाहतं, काजळ पसरतं, मेण ओघळतं, नळाची धार लागते, सगळीकडं रन. रंगाला आपण काय म्हणतो? "रंग जातो." मला ही गंमत नंतर कळली, आपला रंग जातो, त्यांचा पळतो, म्हणजे दोघांनीही रंगाला पाय फोडलेत, मी मात्र त्या पायांवरनं तो विक्रीला पळतोय असं धरून चाललो. हे टॉवेलच्या धंद्यात असाल तर नीट ऐका. धाग्याने न धरलेला जादाचा रंग डाईंगनंतरच्या धुलाईत पूर्ण निघाला नाही की तो गिऱ्हाइकाच्या बादलीत निघतो आणि शेजारच्या पांढऱ्याला लागतो. त्याची टेस्ट असते, रंगीत तुकड्याला पांढरं कापड शिवून ठरलेल्या तापमानाला साबणाच्या पाण्यात धुतात आणि पांढऱ्याला किती डाग लागला ते ग्रे स्केल नावाच्या मोजपट्टीवर १ ते ५ मोजतात, ५ म्हणजे डागच नाही. बायर "रनिंग" लिहितो, "ब्लीडिंग"पण लिहितो, दोन्हीचा अर्थ एकच, पळा डाईंगवाल्याकडं.

नळाचं निघालंच आहे तर "रनिंग वॉटर" म्हणजे नळाचं वाहतं पाणी. लॉजच्या पाटीवर असतं ना, चोवीस तास रनिंग वॉटर. सोलापूरकराला हा शब्द समजावणं जरा जड जातं, कारण चार-चार दिवस नळाची वाट बघणाऱ्याला ही सोय वाटत नाही, चैन वाटते. असो.

कर्ता गाडी, बस, रेल्वे असेल तर धावणे किंवा असणे. "हुतात्मा इज रनिंग लेट" म्हणजे आमची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस जोरात पळतीये असं नाही, उशिरा धावतीये. तुम्ही स्वतःच म्हणालात "आय ॲम रनिंग लेट" तरी तुम्ही पळत नाही, रिक्षात बसून आहात आणि उशीर झालाय एवढंच.

कर्ता रस्ता, पाइपलाइन, भिंत असेल तर 'जाणे'. उजनी धरणावरनं येणारी पाइपलाइन शेतांच्या कडेकडेने जाते, तिथंही रन. कर्ता आजार किंवा स्वभाव असेल आणि मागं "इन द फॅमिली" असेल तर घराण्यात असणे, "शुगर रन्स इन द फॅमिली". कर्ता पेपर असेल तर बातमी छापणे.

आणि एक जात वेगळी आहे, रनच्या मागं नाम न येता गुण येतो. रन ड्राय, रन लो, रन शॉर्ट, रन हाय. तिथं रनचा अर्थ पडणे, होणे. विहीर आटली, स्टॉक कमी पडला, लोकांची डोकी तापली. एकदा मशिनच्या मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात होतं "डू नॉट रन द पंप ड्राय", म्हणजे पाणी नसताना पंप चालवू नका. हे लक्षात ठेवा, पुढं याचा जुळा भाऊ येणार आहे.

३. मागं चिकटलेला छोटा शब्द आधी वाचा

इथं सगळे पडतात. रन वाचून डोळा पुढं जातो आणि मागचा आउट, ओव्हर, अप हा बारका शब्द निसटतो, अर्थ मात्र सगळा त्याच्याच हातात. मी सवय अशी लावली की रन दिसला की पेनाने त्याच्यासकट मागच्या दोन शब्दांना गोल करायचा आणि तिन्ही मिळून एकच शब्द आहे असं समजायचं.

*आउट.* क्रिकेटमुळे आपण रन आउट म्हटलं की माणूस बाद करतो. कामात रन आउट म्हणजे संपणे. "वी हॅव रन आउट ऑफ यार्न", सूत संपलं. यातला "ऑफ" विसरू नका, कारण "वी रॅन आउट" एवढंच लिहिलं तर आम्ही बाहेर पळालो असाही अर्थ निघतो, आग लागल्यासारखा. वस्तू कर्ता असेल तर "ऑफ" नको, "द यार्न हॅज रन आउट".

*इनटू आणि ओव्हर.* हे दोन एकत्र सांगतो कारण यात घोळ झाला तर थेट घाम फुटतो. आमच्या ऑफिसात एकाला मेल आली, जानेवारीत, सोलापूरला येऊन गेलेल्या एका एजंटची. लिहिलं होतं "आय रॅन इनटू युअर मॅनेजर ॲट द गड्डा फेअर". गड्डा म्हणजे आमची सोलापूरची जत्रा. आमचा गडी पांढराफटक. गाडी घातली म्हणतोय लगा, मॅनेजरसाहेबांच्या अंगावर! मॅनेजर तर समोर बसून शेंगाचटणी भाकरी खात होते. रन इनटू म्हणजे माणूस अचानक भेटणे, गड्ड्याच्या गर्दीत भेटतात तसं. कर्ता गाडी आणि मागं खांब, झाड, भिंत असेल तर मात्र धडकणे. आणि मागं आकडा असेल तर तेवढ्यात जाणे, "द लॉस रन्स इनटू लॅक्स", तोटा लाखांत आहे. अंगावर गाडी घालण्याचा शब्द रन ओव्हर. पण ओव्हरचेही दोन साधे अर्थ आहेत, मीटिंग ओव्हर झाली म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली, आणि "रन ओव्हर द लिस्ट" म्हणजे यादीवरनं एक नजर फिरव. थोडक्यात, इनटूच्या मागं माणूस असेल तर चहा सांगा, ओव्हरच्या मागं माणूस असेल तर ॲम्ब्युलन्स.

*अप.* बॉलरचा रन-अप माहीत आहेच, आणि "इन द रन-अप टू दिवाळी" हेही तेच, दिवाळीआधीचे दिवस. "रन अप अ बिल" म्हणजे उधारी चढवणे, बिल वाढवत नेणे. आणि एक खास आपल्या कामाचा, "कॅन यू रन अप अ सॅम्पल?" म्हणजे झटपट एक नमुना शिवून देता का. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं सॅम्पल घेऊन वरच्या मजल्यावर पळत जायचंय.

*डाउन.* बॅटरी उतरणे. माणसाला रन डाउन करणे म्हणजे नावं ठेवणे. इमारत रन-डाउन असेल तर पडायला आलेली. पण "गिव्ह मी अ रनडाउन" म्हणजे थोडक्यात सगळं सांग, यात वाईट काही नाही, घाबरू नका.

*बाय.* "रन इट बाय मी फर्स्ट" हे साहेब लोक फार वापरतात, अर्थ एवढाच, आधी मला दाखव, मग पुढं पाठव. पण "अ शॉप रन बाय माय अंकल" यातला बाय वेगळा, काकांनी चालवलेलं दुकान. फरक कसा ओळखायचा? पहिल्यात रन आणि बायच्या मध्ये "इट" किंवा एखादी वस्तू घुसलेली असते.

*थ्रू* म्हणजे एकदा उजळणी करणे, किंवा पैसे भराभर उडवणे. *ऑफ* म्हणजे पळून जाणे, पण "रन ऑफ टेन कॉपीज" म्हणजे दहा कॉप्या काढ. *अराउंड*चं नाम होतं रनअराउंड, म्हणजे टोलवाटोलवी, या टेबलावरनं त्या टेबलावर, याला वाक्य द्यायची गरज नाही, सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ऑफिसात खाल्लेली आहे.

४. 'अ रन' आणि 'द रन' : नाम झालं की वेगळा खेळ

कारखान्यात रन म्हणजे एका दमात काढलेला माल. प्रॉडक्शन रन, प्रिंट रन. बायर विचारतो "व्हॉट इज युअर मिनिमम रन", म्हणजे एका डिझाइनचे कमीत कमी किती नग काढाल. ट्रायल रन म्हणजे चाचणी, हे आपण मराठीतही म्हणतो.

आता तो जुळा भाऊ. "ड्राय रन" म्हणजे रंगीत तालीम, खऱ्या कामाआधी सगळं एकदा करून बघणे. या अर्थाचा पाण्याशी काही संबंध नाही. पण डाईंगमध्ये काम करणाऱ्याला "डू अ ड्राय रन" असं कुणी लिहिलं तर तो पाणी न भरता मशीन चालू करेल, आणि मघाशी मॅन्युअलने नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलं होतं. ड्राय शब्द रनच्या आधी का नंतर ते बघा, एवढ्यावर पंप वाचतो.

सोलापूरकराने लक्षात ठेवावा असा म्हणजे "रन ऑफ द मिल". गिरणीतनं जसा माल बाहेर पडला तसा, प्रतवारी न करता, चांगला-वाईट एकत्र, त्यावरनं अर्थ झाला साधासुधा, त्यात विशेष काही नाही असा. आपलं गाव गिरण्यांचं, आजोबा जुन्या मिलमध्ये होते असं सांगणारी घरं गल्लोगल्ली सापडतील, भोंग्यावर गाव उठायचं. म्हणून मिल शब्द दिसला की आपली छाती फुगते. एका ओळखीच्या कारखानदाराने त्याच फुगलेल्या छातीने कॅटलॉगवर छापून घेतलं होतं, "अवर टॉवेल्स आर रन ऑफ द मिल". त्याला म्हणायचं होतं मिलमधनं थेट, ताजा माल. छापलं गेलं, आमचे टॉवेल अगदी मामुली आहेत. सोलापुरी चादर आणि टॉवेलला जीआय, म्हणजे 'हा याच गावचा माल' असा सरकारी शिक्का, मिळालाय राव, आणि आपणच कॅटलॉगवर असलं!

होजिअरीतला रन वेगळा. पायमोज्याचा एक टाका सुटला की उभी रेघ उसवत जाते, अमेरिकेत तिला रन म्हणतात, इंग्लंडात लॅडर. विणलेल्या फासांच्या कापडालाच हा होतो, आपल्या मागावरच्या ताण्या-बाण्याच्या कापडाला असा होत नाही, त्यामुळे टॉवेलच्या तक्रारीत रन आला तर तो रंगाचाच समजा.

"रन द बँक" म्हणजे बँक चालवणे आणि "अ रन ऑन द बँक" म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांची एकदम पैसे काढायला उडालेली झुंबड. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतनं एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक धावले, तेही रांगेत न उभं राहता, फोन आणि कॉम्प्युटरवरनं. एका "ऑन"ने बँकेचा मॅनेजर आणि बँकेचं दिवाळं यातला फरक पडतो.

निवडणुकीचंही बघून घ्या. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला "रन" करतो, इंग्लंडात "स्टँड" करतो. आपण इंग्लंडच्या बाजूचे, आपला माणूस उभाच राहतो, पळतो तो निकालानंतर.

आणि "द रन्स", म्हणजे जुलाब. "आय हॅव द रन्स" असं साहेबांनी सांगितलं तर किती रन झाले म्हणून विचारू नका.

५. आपल्या बोलण्यातला 'रनिंग' जपून वापरा

रनिंग हा शब्द आपण मराठीच करून टाकलाय. कापडवाला रनिंग मीटर म्हणतो, म्हणजे पन्हा कितीही असो, लांबीवर मोजायचं. कॉन्ट्रॅक्टर रनिंग बिल काढतो, काम चालू असतानाचं बिल. जुनी गाडी विकणारा लिहितो रनिंग कंडिशन, म्हणजे ढकलायची गरज नाही इतपत. हे सगळे बरोबर आहेत.

माझा आवडता मात्र रेल्वेचा. सोलापूर हे मध्य रेल्वेचं डिव्हिजन, त्यामुळे प्रत्येकाच्या नात्यात एक तरी रेल्वेवाला असतो. त्यांच्याकडं लोको पायलट आणि गार्ड, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, यांना रनिंग स्टाफ म्हणतात, आणि ड्युटी संपल्यावर बाहेरगावी ही मंडळी जिथं झोपतात त्या जागेचं नाव रनिंग रूम. मामा फोनवर म्हणायचे, "रनिंग रूममध्ये आहे, झोपतोय." लहानपणी मला वाटायचं तिथं पळायची शर्यत असते.

डॉक्टरला सांगताना "रनिंग नोज" सगळे म्हणतात, समजतंही सगळ्यांना, पण बाहेरच्यांना लिहिताना "रनी नोज" लिहा. आणि फिरत्या ढालीला रनिंग शील्ड म्हणू नका, तिला रोलिंग म्हणतात. क्रिकेटमधला रनर, म्हणजे जखमी बॅटरसाठी पळणारा, तो आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०११ पासून बंद झाला, गल्लीत अजून चालतो. टेबलावर टाकायच्या लांब पट्टीलाही रनर म्हणतात, ऑर्डरमध्ये "फिफ्टी रनर्स" वाचून दचकू नका.

६. व्याकरण, एका दमात

रन, रॅन, रन. तिसरं रूप परत पहिल्यासारखं. त्यामुळे "हॅज रॅन" चूक, "हॅज रन" बरोबर. ही चूक एवढी होते की मी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती. रनिंग लिहिताना एन दोनदा. बस, एवढंच.

७. वही कशी ठेवायची

पानाच्या डावीकडं खरं वाक्य लिहायचं, जसं आलं तसं, कुठल्या मेलमध्ये आलं तेही. उजवीकडं मराठी, पण कोशातलं मराठी नाही, आपण घरात काय म्हणू ते. "रंग जातोय." "सूत संपलं." "मला आधी दाखव." कोशातलं 'प्रवाहित होणे' लिहिलंत तर पुढच्या वेळी ते आठवणार नाही, "नाक गळतंय" आठवेल. वही अशासाठी की हाताने लिहिताना मागचा छोटा शब्द सुटत नाही, टाईप करताना सुटतो, निदान माझा तरी सुटायचा. माझ्या वहीत तीन महिन्यांत साठ-सत्तर वाक्यं झाली आणि त्यानंतर नवीन अर्थ महिन्यातनं एखादाच यायला लागला.

स्वतः लिहिताना मात्र शहाणपण दाखवू नका. शंका असेल तर रन टाळा. चालवणेला ऑपरेट किंवा मॅनेज आहे, संपलंला फिनिश्ड आहे, भेटलोला मेट आहे. साधं लिहिलेलं कुणालाही कळतं, वाचताना सगळे अर्थ यायला पाहिजेत, लिहिताना चार आले तरी भागतं.

आणि कुठलंही वाक्य दोन अर्थांनी लागत असेल तर माल हलवायच्या आधी एक ओळ लिहून विचारा, "डू यू मीन द कलर इज ब्लीडिंग?" यात लाज नाही. मी तेव्हा हे विचारलं असतं तर बीम चढलेच नसते.

८. जाता जाता सराव

आधी स्वतः अर्थ लावा, उत्तरं खाली आहेत.

क. "द मीटिंग रॅन ओव्हर."
ख. "प्लीज रन द आर्टवर्क बाय अस."
ग. "आय रॅन इनटू अ फ्रेंड ॲट सात रस्ता."
घ. "लेट्स डू अ ड्राय रन ऑन फ्रायडे."
च. "वी आर रनिंग आउट ऑफ मरून. कॅन यू रन अनदर फाइव्ह हंड्रेड?"

उत्तरं. क, मीटिंग लांबली. ख, छापण्याआधी डिझाइन आम्हाला दाखवा. ग, सात रस्त्याला एक मित्र अचानक भेटला, कुणाला लागलेलं नाही. घ, शुक्रवारी रंगीत तालीम, मशिनमध्ये पाणी असू द्या. च, मरून संपत आलाय, अजून पाचशे नग काढाल का.

ही शेवटची मेल खरी आहे, त्याच बायरची, दीड वर्षाने आलेली. मी ती दोनदा वाचली, छोट्या शब्दांना गोल केले, मग शेडमध्ये जाऊन मालकांना सांगितली. मालकांनी माग बंद करायला लावला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "नक्की ना बे?"